फक्कीच्या अलीकडे

बियाणे कंपनीच्या जुन्या डायरीत,
कपाशीच्या जाहिरातीसमोरच्या कोऱ्या पानावर
मी लिहिलं : जालना, पौष, रविवार. हजर सहा.
जागा : मुबीनचं रेडिएटरचं दुकान.
पालथ्या टाकीवर विश्वंभर घुगे,
हवाई दलात एकवीस वर्षं फिटर,
स्वतः एकदाही न उडालेले.

एक. विमान खरोखर लढलेलंच हवं.
माप एकास बारा. फोटो सोबत आणावा.

दोन. वजन ललितच्या दुकानातल्या तराजूवर.
(तराजू गुळाचा आहे, चिकटतो. दहा ग्रॅम माफ.)

तीन. शेपटीला क्रेप कागदाची फीत, नऊ मीटर.
दुसऱ्याची कापली की शंभर,
आपली शाबूत उतरवली की पन्नास.
"आणि कापलेलीच पुन्हा कापली तर?"
संघमित्रा वाकळे आयटीआयत शिकवते,
फट दिसली की आधी बोट घालून बघते.
मुबीन म्हणाला, "कटी तो कटी, गिनना कायकू?
संक्रांतीला मोजतो का आपण?"
मी दोघांचंही लिहिलं,
मग दोन्ही खोडलं.

चार. मांजा नको, तार नको,
पंखाच्या कडेला ब्लेड तर मुळीच नको.
हे लिहिताना सगळे ललितकडे बघत होते.

पाच. माणसं फक्कीच्या अलीकडे, विमानं पलीकडे.
रेष ओलांडून आत आलेलं विमान
जिंकत असलं तरी बाद.
घुगेकाका पुन्हा म्हणाले, जिंकत असलं तरी.
मी अधोरेखित केलं.

सहा. तलावाकडून करकोचे आले
तर ते जाईपर्यंत घड्याळ बंद.

सातव्याला चहा गार झाला.
हरिकेन चौघांना हवं होतं,
झीरो कुणालाच नाही.
"चार हरिकेन एकमेकांशी कामून भांडतील?"
म्हणत काकांनी चिठ्ठ्या टाकल्या.
माझ्या चिठ्ठीत झीरो निघालं.
नंतर आठवडाभर मी पंखांवर लाल गोळे रंगवत बसलो.
आई म्हणाली, सूर्य काढतोयस का?
हो म्हटलं.

आठवा नियम काकांच्या हट्टाचा :
कॉकपिट रिकामं चालणार नाही.
आत माणूस हवा, नाकाडोळ्यांसकट,
नसला तर वीस गुण वजा.
"एवढ्याशाला वर कोण बघतंय काका?"
रोहिदास तौर हसला.
"काच मी लावून द्यायचो," काका म्हणाले,
"लावताना तोंड दिसायचं आतलं."
पुढे काही बोलले नाहीत.
रोहिदासनं कप गोळा केले.

सरावाच्या सकाळी गायरानावर
एरंडेलाच्या धुराचा वास,
पांढरी रेष, तिच्यावरून चालत गेलेली एक शेळी.
तिसऱ्याच मिनिटाला
माझी फीत संघमित्राच्या मेसरश्मिटच्या पंख्यात गुंडाळली गेली.
कापली नाही.
दोघंही पऱ्हाटीत.

पोचेपर्यंत आम्ही गुणांवरून भांडत होतो :
न कापता पाडलं, तर ते कुणाचं?
इंजिन सापडलं. अर्धा पंख सापडला, लाल गोळ्यासकट.
तिचा वैमानिक थर्मोकोलचा, चष्मा लावलेला,
एका बोंडात अडकून बसला होता.
माझा सापडेना.
"राहू द्या," ललित म्हणाला, "दुसरा बनवू."
पण काका आधीच गुडघ्यांवर,
ढेकूळ उचलायचे, खाली बघायचे,
जिथलं तिथे ठेवायचे.
मग संघमित्रा बसली. मग मुबीन.
उन्हं डोक्यावर आली.

"होता कशाचा?"
"फुटाण्याचा. शाईनं डोळे काढले होते."
"मग उगवेल की," ललित म्हणाला.
"भाजलेला होता," मी म्हणालो.

डायरी मांडीवर घेऊन
तिथेच, पऱ्हाटीच्या तुटपुंज्या सावलीत लिहिलं :
नऊ. पडलेलं शोधायला
पाडणाऱ्यानंही जावं.

समोरचा गुणांचा रकाना
कोराच आहे. पुढच्या रविवारी बघू,
रोहिदास दहा म्हणतोय,
काका म्हणतात, ह्याला गुण कसले.